आधी जागा ठरव, मग रॉड

अगं, रॉडचे एवढे फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ, ‘ताई, यातला कुठला घेऊ?’ बघ, फोटो पाहून मी काहीही सांगणार नाही. तू उभी कुठे राहणार, तिथवर जाणार कशी आणि तुझ्या हाताला किती वजन झेपणार, हे तीन ठरलं की निम्मे रॉड आपोआप बाजूला पडतात. तुला धास्ती बसलीय ती रॉडवरच्या आकड्यांची. ते एकेक करून सोडवू. घरचं महिन्याचं गणित जी बिनचूक मांडते, तिला हे अवघड नाही.

आणि लोक काय म्हणतील ही चिंता तर आधी सोड. आपल्या कॅम्प १ मध्ये कितीतरी घरांत सिंधी लोकांच्या देवाची, झूलेलालची तसबीर आहे, पल्ला माशावर बसलेली. फाळणीनंतर सिंधूकाठची माणसं इथे आली, ८ ऑगस्ट १९४९ला या छावणीचं उल्हासनगर झालं, पण नदीची आणि माशाची ओढ त्यांनी सोडली नाही. इथे बाईच्या हातात गळ दिसला म्हणून कुणी नवल करायचं कारण नाही.

आता जागा. वाळूच्या किनाऱ्यावर, म्हणजे अर्नाळा, केळवे, अलिबागकडे, गळ फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे टाकायचा असतो आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, लाटांच्या वर उचलून धरायचा असतो. म्हणून तिथे ११-१२ फुटी रॉड लागतो. जेटीवर पाणी पायाखालीच असतं. तिथे तो लांब रॉड नुसता अडचण करतो, ७ ते ८ फुटी पुरतो. दोन्हीकडे चालेल असा एकच हवा असेल तर १० फुटी घे. १४ फुटीचा मोह धरू नकोस गं. दोन तासांत खांदे भरून येतील आणि पुन्हा जावंसंच वाटणार नाही. शिवाय भरतीला मासे काठाजवळ चरायला येतात, त्यामुळे फार लांब फेकता आलं नाही म्हणून हात रिकामे राहतील असं मुळीच नाही.

खरं सांगू का, आपल्याकडून जाणाऱ्या बाईने सगळ्यात आधी बघायची ती मिटलेल्या रॉडची लांबी. शहाडहून लोकल, दादरला बदल, मग विरार, पुढे अर्नाळ्याची बस. दोन तुकड्यांचा १२ फुटी रॉड मिटल्यावरही ६ फूट राहतो. तो घेऊन दादरचा पूल चढून बघ! तीन तुकड्यांचा तोच रॉड ४ फुटांत बसतो, म्हणून तीन तुकड्यांचाच माग. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक आणखी आखूड होतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू आणि मीठ अडकतं. तो रोज घासूनपुसून ठेवणार असशील तरच घे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. कार्बनच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज वाहते आणि आपल्या लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. प्लॅटफॉर्मवर किंवा पुलावर रॉड कधीही जोडायचा नाही, पिशवीतच आडवा धरायचा. किनाऱ्यावर आकाश गडगडलं तरी तोच धोका, रॉड खाली ठेव आणि निघ. पहिला रॉड फायबरग्लासचा किंवा मिश्र घेतलास तर बरं. तो थोडा जड असतो, पण आपटला-धडकला तरी सोसतो. वायरपासून मात्र तोही लांबच ठेवायचा.

दुकानात गेलीस की गजानन मार्केटमध्ये कापड चिमटीत धरून पाहतेस ना, तसा रॉड हाताळून बघ. मुठीच्या वर ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. तो रॉड किती वजनाचं शिसं फेकू शकतो, याचा तो आकडा. वाळूवर लाटांच्या ओढीत टिकायला ८०-१०० ग्रॅमचं शिसं लागतं, तेव्हा १००च्या आसपासचा घे. जेटीसाठी ४०-६० भरपूर. मग तंगूस ओवायच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरव. कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर पुढे तंगूस कापते. दुकानदाराने घाई केली तरी तू करू नकोस.

पैशाचे तीन वाटे कर, दोन रीलला आणि एक रॉडला. साधा रॉड वर्षानुवर्षं चालतो, पण खाऱ्या पाण्यात आधी खराब होतं ते रील. पहिलं रील स्पिनिंगचंच घे. दुसऱ्या प्रकारात फिरतं रीळ अंगठ्याने आवरावं लागतं, आणि शिकताना त्यात तंगूसचा गुंता होतो. आकार जेटीसाठी ४०००, किनाऱ्यासाठी ५००० ते ६०००. नाव वेगळं असलं तरी बहुतेक कंपन्यांचे हे आकडे साधारण असेच असतात. दांडा दोन्ही बाजूंना लावता येतो ना, ते विचार. उजव्या हाताने फेकणारीला डाव्या हाताने गुंडाळणं सोपं जातं.

तंगूस ०.३५ मिलिमीटरचा, साधा नायलॉनचा. विणलेला महागडा दोरा सध्या नको, त्याने बोटं कापतात. रिळाच्या काठापासून २-३ मिलिमीटर जागा ठेवून भर. कमी भरलास तर लांब जाणार नाही, काठोकाठ भरलास तर भसकन सुटेल. आणि पुढच्या टोकाला ०.६० किंवा त्याहून जाड तंगूस बांध, इतका लांब की फेकताना त्याचे चार-पाच वेढे रिळावर राहतील. फेकण्याच्या झटक्याने बारीक तंगूस तुटला तर ते १०० ग्रॅमचं शिसं शेजारच्याच्या डोक्याकडे जातं गं, म्हणून हे ऐच्छिक नाही.

रीलवरचा ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस आपोआप सोडणारा पेच. तो लावायला घरचा उपाय आहे. तंगूस दोन लिटरच्या भरलेल्या बाटलीला बांध आणि रील हातात धरून सरळ उचल. बाटली उचलताना तंगूस किंचित सरकला पाहिजे. अजिबात सरकत नसेल तर पेच सैल कर. तंगूस तुटतो तो बहुतेक वेळा हा पेच फार घट्ट असल्यामुळे.

आता सराव. गळ न बांधता, फक्त शिसं लावून. पण गोल मैदानात नको, तिथे पोरं खेळतात. वर तारा नाहीत आणि समोर माणूस नाही असं मोकळं रान शोध. जोर हातात नसतो, रॉडच्या वाकण्यात असतो, हे दोन-चार सकाळींत तुझं तुलाच कळेल.

किनाऱ्यावर पोचलीस की आधी कोळी माणसांशी बोल. जाळी कुठे लावलीत, खडक कुठे आहे, पाणी कुठे ओढतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. जेटी ही त्यांच्या कामाची जागा आहे, बोट लागत असेल तर तू बाजूला व्हायचं. भरतीचा अंदाज तिथीवरून काढता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात आपल्याकडे पाणी चार-पाच मीटर चढतं, तेव्हा परतीची वाट आधी बघून ठेव. पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस, आणि पावसाळ्यात तर जाऊच नकोस. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीही थांबतात, मग आपली काय घाई?

आमिषाला ताजी कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा. नशिबात असलं तर जिताडा, तांबोशी, नाहीतर ढोमा. पण सुरुवातीला बहुधा शिंगाळाच येईल. त्याला हाताने धरायचं नाही! पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. गळ पक्कडीने सोडव. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडव आणि डॉक्टरकडे जा. बोटाएवढी पिल्लं आली तर ओल्या हाताने परत सोड. ती वाढली तरच पुढच्या वर्षी कुणाच्या तरी ताटात मासा येईल.

घरी आल्यावर कितीही दमलीस तरी ड्रॅग घट्ट करून रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धू. जोरदार फवारा मारायचा नाही, त्याने मीठ आत जातं. पुसून सावलीत वाळव आणि मग ड्रॅग सैल करून ठेव.

तेव्हा आता ते फोटो पुसून टाक. एका कागदावर लिही: वाळू की जेटी, रॉड १२ फुटी, मिटलेली लांबी ४ फूट, शिसं १०० ग्रॅम, रील ५०००, तंगूस ०.३५. जेटी ठरली तर ८ फुटी, ६० आणि ४००० लिही. तो कागद घेऊन दुकानात जा. यात न बसणारं काहीही कुणी पुढे केलं, तर ‘नको’ म्हणायचं. तेवढं तुला नक्की जमतं.