चेहऱ्यावरील वण : शस्त्रक्रियेनंतरचे उपचार

भाजणे, रस्त्यावरील अपघात, जनावराचा चावा, कर्करोगाची गाठ किंवा जन्मतः दुभंगलेला ओठ अशा अनेक कारणांनी चेहऱ्यावर पुनर्रचनेची शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रिया यशस्वी होते, टाके निघतात, रुग्ण घरी येतो आणि आता उपचार संपले असा कुटुंबाचा समज होतो. वस्तुतः चेहरा अखेरीस कसा दिसेल आणि पापणी, ओठ, मान यांची हालचाल किती मोकळी राहील, हे पुष्कळ अंशी त्यानंतरच्या एका वर्षात ठरते. हे वर्ष रुग्ण आपल्या गावात व शाळेत घालवितो. म्हणून या उपचारांची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाही असणे अगत्याचे आहे.

हे शास्त्र आपल्या भूमीला परके नाही. नाक आणि कानाची पाळी नव्याने घडविण्याची कृती सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धाच्या काळात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. पुढे विटा बनविणाऱ्या जातीतील पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. तीवरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्या जुन्या वृत्तान्तात आणखी एक नोंद आहे : कपाळावरचा वण बराच काळ लोटल्यावर फारसा नजरेत भरत नाही. वणाच्या उपचारात काळाला असलेले महत्त्व त्या निरीक्षकाच्याही ध्यानात आले होते.

वण का राहतो?

त्वचेच्या खोल थरापर्यंत जखम झाली की शरीर ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी सांधते. पहिल्या काही आठवड्यांत हे तंतू घाईने व दाटीवाटीने तयार होतात. त्यामुळे वण लाल, कठीण आणि उंच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तर तो टाके काढतेवेळी होता त्याहून वाईट दिसू लागतो. अनेक कुटुंबे याच वेळी धीर सोडतात. परंतु त्यानंतर शरीर जुने तंतू काढून नवे तंतू नीट रचू लागते. हे काम एक वर्ष, कधी दीड वर्षही चालते आणि वण हळूहळू फिका, मऊ व सपाट होतो. पूर्ण पिकलेल्या वणाची बळकटी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. वण समूळ नाहीसा करणारा उपचार आजही उपलब्ध नाही. त्याची उंची, रंग, ओढ आणि ठळकपणा कमी करणे मात्र शक्य आहे.

काही वण जखमेच्या हद्दीतच राहून जाड होतात व कालांतराने बसतात. काही वण हद्द ओलांडून आजूबाजूच्या निरोगी त्वचेत पसरतात. त्यांना केलॉइड म्हणतात. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत केलॉइडचे प्रमाण अधिक आढळते. कानाची पाळी, जबड्याची कड, छाती आणि खांदा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. हा भेद ओळखणे आवश्यक आहे, कारण केलॉइड नुसता कापून काढल्यास तो बहुधा पुन्हा वाढतो आणि कित्येकदा पूर्वीपेक्षा मोठा होतो.

घरी घ्यावयाची काळजी

जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे खपली पडून ओल राहिली नाही की, डॉक्टरांच्या संमतीने मालिश सुरू करावे. साधे व्हॅसलीन किंवा सौम्य मलम बोटाच्या टोकाला घेऊन वणावर दाब देत, दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटे चोळावे. त्वचा सोलवटली किंवा फोड आला तर थांबावे.

सिलिकोनची मऊ पट्टी किंवा जेल हा वणावरील पहिल्या फळीचा उपचार मानला जातो. पट्टी दिवसातून किमान १२ तास, निदान दोन ते तीन महिने लावावी लागते. आपल्या उन्हाळ्यात पट्टीखाली घाम साचून पुरळ उठते. म्हणून पट्टी व त्वचा रोज धुऊन कोरडी करावी आणि पुरळ आल्यास काही दिवस खंड द्यावा.

नव्या वणावर ऊन पडल्यास तो काळवंडतो आणि हा डाग महिनोन्‌महिने टिकतो. शेतावर जाताना रुंद काठाची टोपी, उपरणे किंवा पदर यांचा आडोसा घ्यावा. शक्य असल्यास उन्हापासून रक्षण करणारे मलम वापरावे. विडी, तंबाखू व मिश्री कटाक्षाने टाळावी. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रोपण केलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. लिंबाचा रस, चुना यांचे लेप किंवा दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरेपणाची’ मलमे लावू नयेत. अशा काही मलमांत तीव्र स्टेरॉइड असते आणि त्याने त्वचा पातळ होते.

रुग्णालयातील उपचार

भाजल्यानंतरच्या विस्तृत वणांसाठी दाबाचा उपचार केला जातो. मापाने शिवलेला घट्ट कपडा किंवा चेहऱ्याच्या साच्यावरून बनविलेला पारदर्शक मुखवटा दिवसातील बहुतेक वेळ, अनेक महिने घालावा लागतो. मुलांमध्ये वाढीनुसार तो बदलावा लागतो.

जाड वण व केलॉइड यांत ट्रायअमसिनोलोन या औषधाची सुई साधारणपणे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. वण सपाट होतो व खाज कमी होते. औषध जास्त झाल्यास त्वचा खोलगट व पांढुरकी होते, म्हणून हे काम तज्ज्ञानेच करावे.

लेसर किरणांचे दोन प्रकार विशेष उपयोगी आहेत. एक वणातील रक्तवाहिन्यांवर काम करून लाली कमी करतो. दुसरा, फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर, त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडून वण मऊ व सपाट करतो. एका बैठकीत काम होत नाही, अनेक बैठका लागतात. आपल्या वर्णाच्या त्वचेवर तीव्र किरणांनी काळे डाग पडू शकतात, म्हणून किरणांची मात्रा बेताची ठेवणे इष्ट. यंत्राने वरची त्वचा घासून समतल करण्याच्या पद्धतीलाही हीच सावधगिरी लागू पडते. खोलगट वणाखाली रुग्णाच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी भरता येते. तिचा काही भाग शोषला जात असल्याने कधी कधी ही क्रिया पुन्हा करावी लागते.

पुन्हा शस्त्रक्रिया केव्हा?

वण पिकण्यापूर्वी घाईने तो कापल्यास लाभाऐवजी हानी होण्याचा संभव असतो. म्हणून सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष थांबतात. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये त्वचेतील ताणाच्या रेषांचे वर्णन केले. या रेषांना किंवा चेहऱ्याच्या नैसर्गिक सुरकुत्यांना समांतर असलेला वण झाकला जातो. त्यांना आडवा गेलेला वण उठून दिसतो व ओढतो. अशा वणाच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पदर कापून त्यांची अदलाबदल केली की वणाची दिशा बदलते व लांबी वाढते. या क्रियेस झेड-प्लास्टी म्हणतात. त्रिकोणांचा कोन ६० अंशांचा असल्यास गणिताने लांबी सुमारे ७५ टक्के वाढते. प्रत्यक्षात ही वाढ त्वचेच्या लवचिकतेनुसार कमी-अधिक होते.

वण रुंद असेल तर तो टप्प्याटप्प्याने कापून काढतात. किंवा शेजारच्या चांगल्या त्वचेखाली रबरी फुगा ठेवून, काही आठवडे त्यात थोडे थोडे सलाईन भरून त्वचा वाढवितात आणि ती वणाच्या जागी सरकवितात. त्वचारोपण करावयाचे झाल्यास चेहऱ्यासाठी कानामागील किंवा गळ्याच्या हाडावरील पूर्ण जाडीची त्वचा पसंत केली जाते. तिचा रंग जुळतो आणि पातळ कापाच्या त्वचेपेक्षा ती कमी आकसते.

प्रतीक्षेच्या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. वणाच्या ओढीने पापणी उलटून डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होते आणि दृष्टी जाण्याचा धोका असतो. तोंड उघडत नसेल, ओठ बंद होत नसेल, हनुवटी छातीकडे ओढली जात असेल किंवा नाकपुडी बुजत असेल, तर वर्ष संपण्याची वाट न पाहता रुग्णास तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे.

शाळा, पंचायत व शासन

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ व टाळू हे दोष त्यात समाविष्ट आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांना स्थान आहे. कोणत्या शस्त्रक्रियेस मान्यता मिळते, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. आम्लहल्ल्यातील पीडितांना विनामूल्य उपचार देणे २०१३ पासून शासकीय व खाजगी रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. राज्याची मनोधैर्य योजनाही त्याच वर्षी त्यांच्यासाठी सुरू झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आम्लहल्ल्याच्या पीडितांचा दिव्यांगांत समावेश आहे.

योजना असूनही पुष्कळ रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर रुग्णालयात जाण्याचे सोडून देतात. मजुरी बुडते, एस.टी.चा खर्च परवडत नाही आणि लोक चेहऱ्याकडे टक लावून पाहतात म्हणून घराबाहेर पडण्याचा संकोच वाटतो. या अडचणी गावाच्या सहकार्याने कमी होऊ शकतात. ग्रामपंचायत सदस्याने पुढील तपासणीच्या तारखेची विचारपूस करावी. आशा कार्यकर्तीने पापणी, ओठ व मान यांची हालचाल पाहावी. शिक्षकाने मूल शाळेत परतण्यापूर्वी वर्गाशी मोकळेपणाने बोलावे, टोपणनावाने हाक मारण्यास मज्जाव करावा आणि उन्हातील कवायतीच्या वेळी त्या मुलास सावलीत उभे करावे. घरच्यांनी आरसा लपवून ठेवू नये आणि वण नाहीसा होईल असे खोटे आश्वासनही देऊ नये.

योग्य वेळी केलेला उपचार, नियमित मालिश, उन्हापासून रक्षण आणि धीर यांच्या बळावर वण मऊ होतो, फिका पडतो आणि चेहऱ्याची हालचाल मोकळी राहते. दर महिन्याला दर्शनी फरक जाणवत नसला तरी या एका वर्षात उपचार खंडित होऊ न देणे ही रुग्णाची, कुटुंबाची व गावाची सामायिक जबाबदारी आहे.