रांजणातले पाणी

मराठवाड्यात उन्हाळा कडक असतो. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी नदी आहे. पण तहान लागली म्हणून कोणी प्रत्येक वेळी नदीवर जात नाही. घरात पाण्याने भरलेला रांजण असतो. पाहुणा आला की त्याला लगेच तांब्याभर पाणी मिळते.

संगणकाच्या जगातही असा रांजण असतो. त्याला 'कॅश' म्हणतात. हा शब्द ऐकून तुम्हांला रोख पैसे आठवतील. पण येथे पैशांचा काही संबंध नाही. येथे साठा असतो तो माहितीचा.

समजा, घनसावंगीतील एका शाळेने स्वतःचे संकेतस्थळ तयार केले. ते 'वर्डप्रेस' या २००३ साली सुरू झालेल्या मोफत प्रणालीवर चालते. कोणी पान उघडले, की दूरचा सर्व्हर नावाचा संगणक कामाला लागतो. तो माहिती शोधतो, तिची मांडणी करतो आणि पान पाठवतो. दुसऱ्याने तेच पान मागितले, तर पुन्हा तेवढेच काम! निकालाच्या दिवशी शेकडो पालक एकाच वेळी पान उघडतात. मग सर्व्हरवर ताण येतो आणि पान लवकर उघडत नाही.

यावर उपाय म्हणजे कॅशिंग प्लगइन. प्लगइन म्हणजे मुख्य प्रणालीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. तो तयार झालेले पान साठवतो आणि पुढच्या लोकांना तेच देतो.

पण कोणता प्लगइन निवडावा? 'डब्ल्यूपी सुपर कॅश' वापरायला सोपा आहे. 'डब्ल्यू३ टोटल कॅश'मध्ये पुष्कळ सोयी आहेत. मात्र त्या समजून घ्याव्या लागतात. 'लाइटस्पीड कॅश'ला पूर्ण काम करण्यासाठी त्याच नावाचा सर्व्हर लागतो. म्हणून आपला सर्व्हर कोणता आहे, हे आधी विचारावे. पाने साठवणारे दोन प्लगइन एकदम बसवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. प्लगइन बसवण्यापूर्वी आणि नंतर पान किती सेकंदांत उघडते, ते मोजून पाहावे.

रांजणातले पाणी शिळे होते, तशी साठवलेली माहितीही शिळी होते. परीक्षेची तारीख बदलली आणि कॅशमध्ये जुनेच पान राहिले, तर विद्यार्थ्याची परीक्षा चुकेल. म्हणून बदल केल्यावर जुना साठा काढून टाकावा. प्रत्येकाच्या गुणांचे खाजगी पान तर सर्वांच्या साठ्यात ठेवूच नये. नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याला दिसतील.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे म्हणतात. निकालाच्या आधीच रांजण भरून ठेवावा. पण त्यातले पाणी ताजे आहे ना, हेही पाहावे. माहिती लवकर मिळणे चांगले. ती खरी असणे त्याहून चांगले.

शब्दार्थ
रांजण – पाणी साठवण्याचे मोठे मातीचे भांडे
शिळे – ताजे नसलेले
अडथळा – अडचण

स्वाध्याय
१. निकालाच्या दिवशी पान लवकर का उघडत नाही?
२. प्लगइन निवडताना कोणती काळजी घ्यावी?
३. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' याचा वाक्यात उपयोग करा.