पंखातलं पाणी गळतंय? पंख कापू देण्याआधी हे तपासा

तुम्ही जर्मनीत राहता, तिथल्या क्लबात ग्लायडर उडवता आणि तिघा-चौघांत मिळून जुनं एलएस४ किंवा डिस्कस घेतलंय. वेग मिळावा म्हणून पंखांत पाणी भरलं, आणि टो-विमानाची पाळी येईपर्यंत पंखाखाली डबकं झालं. घाबरून वर्कशॉपला फोन लावू नका. बहुतेक गळत्या व्हॉल्व्हच्या असतात आणि काही युरोंच्या वायसरवर भागतात. पंख उघडायची वेळ क्वचित येते. गळती नेमकी कुठली, हे आधी तुम्ही ठरवा. नाहीतर ते शोधण्याचे तासही तुमच्याच बिलात लागतात.

तपासणीला लागतो तासभर, खर्च जवळपास शून्य. ग्लायडर जोडलेलं हवं, दोन्ही पंख समतल, टोकांखाली स्टँड. प्रत्येक बाजूला बादलीने मोजून वीस लिटर घाला. नळाचा पाइप दाबाने थेट जोडू नका. हवेचं भोक बुजलेलं असेल तर त्या दाबाने पंख आतून उकलतो आणि दुरुस्ती हजारो युरोंत जाते. कॉम्प्रेसरची हवा मारून गळती शोधायचा सल्ला कोणी दिला तर तोही याच कारणासाठी नाकारा. आता खाली कोरडा कागद पसरा आणि बघत बसा.

पाणी वरच्या हवेच्या भोकातून किंवा टोकाकडून येतंय? पंख एका बाजूला कललेला असेल तर ही गळती नव्हेच. पाणी खालच्या पंखाच्या टोकाकडे धावतं आणि तिथून बाहेर पडतं. पंख समतल केला की थांबतं.

पाणी खालच्या व्हॉल्व्हमधून येतंय? आधी व्हॉल्व्ह दोन-तीनदा झटकन उघडून बंद करा. गवताची काडी, वाळूचा कण अडकला असेल तर वाहून जातो. तरी ठिबकतंय? मग व्हॉल्व्हची चकती तळहाताने हलकेच वर दाबून धरा. ठिबक थांबली तर वायसर बरा आहे. कॉकपिटमधल्या खटक्यापासून येणारा दांडा चकतीला पुरतं ओढत नाहीये. दांड्याची लांबी जुळवायची, ती मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे. दाबूनही थांबली नाही तर वायसर किंवा ओ-रिंग कडक झालीय, किंवा बैठक खराब आहे. बैठक पुसा, रबर बदला, पातळसं व्हॅसलिन लावा. सिलिकॉन ग्रीस मात्र पंखाच्या आसपासही नको. त्याचा अंश राहिला तर पुढे तिथे ना रंग धरत, ना रेझिन, आणि ते घासून काढायचे तास वेगळे लागतात. हे सगळं एका दुपारचं काम.

पाणी पंखाच्या मुळाशी किंवा बॉडीत उतरतंय? मग टाकीच गळतेय. एलएस४मध्ये पंखात लवचिक पिशव्या असतात. पिशवी मुळाकडून बाहेर ओढायची, पण आधी तिच्या शेवटाला दोरी बांधायची, म्हणजे परत आत घेता येते. आत जाताना पिशवीला पीळ पडला तर निम्मंच पाणी मावेल. एक वीकएंड धरा. डिस्कसमध्ये वेगळी पिशवी नाही, पंखाचा पोकळ भागच टाकी आहे. तिथला जोड सुटला असेल तर काम वर्कशॉपचंच, आणि काही आठवडे लागतात. त्यातला बराचसा वेळ पंख वाळण्यातच जातो. ओल्यावर रेझिन टिकत नाही, म्हणून 'दोन दिवसांत देतो' म्हणणाऱ्याकडे पंख देऊ नका.

आता बिल. अंदाज लेखी घ्या आणि चार गोष्टी स्वतंत्र विचारा: तासाचा दर, जेलकोट आणि पॉलिश त्यात धरलंय का, पुन्हा वजन करावं लागेल का, आणि शेवटच्या सहीचे पैसे वेगळे आहेत का. फोनवरचा आकडा बहुधा करावाचून असतो. समजा बारा तास, दर ८० युरो. हे झाले ९६०. त्यावर १९ टक्के, म्हणजे १,१४२ युरो ४० सेंट, आणि यात सामान धरलेलं नाही. ट्रेलर नेण्या-आणण्याचं पेट्रोलही धरा.

सर्वात स्वस्त वाट क्लबातूनच जाते. हिवाळ्यात क्लबचं वर्कशॉप चालू असतं, सभासदांना कामाचे तास भरायचेच असतात आणि तपासनीस अनेकदा क्लबचाच असतो. गळती मे महिन्यात दिसली आणि ती टाकीची असेल तर नोव्हेंबरपर्यंत कोरड्या पंखांनी उडा. त्याला काही खर्च नाही, आणि हवा मंद असेल त्या दिवशी हलकं ग्लायडर अधिक चांगलं चढतं.

कागद हाताशी ठेवा: फ्लाइट मॅन्युअल, मेंटेनन्स मॅन्युअल, देखभाल कार्यक्रम, लॉगबुक. युरोपात २०२०पासून लागू असलेल्या पार्ट-एमएल नियमांत साधी कामं पायलट-मालक स्वतः करून सही करू शकतो. तुमचं काम त्यात बसतं का, हे स्पॅनर हातात घेण्याआधी तपासनीसाला विचारा. सुटा भाग उत्पादकाकडूनच मागवा: डिस्कससाठी किर्शहाइमची शेम्प-हिर्थ. एलएस मालिकेची जबाबदारी ब्रुखझालच्या डीजीकडे गेली. पार्टचं प्रमाणपत्र मागून घ्या.

गळतीसकट उडायचं का? सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला साधारण १८० मिलिलिटर. पाच तासांत एक लिटरही नाही. मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर एवढ्याने बिघडत नाही. पण दहा मिनिटांत लिटरभर जात असेल तर एक पंख तासाला सहा किलोंनी हलका होतोय. पाणी सोडून द्या, दोन्ही बाजूंचं. कमी झालेली बाजू पुन्हा भरून लाइनवर उभं राहू नका. शेपटीत टाकी असेल तर आणखी कडक राहा: पंखांतलं पाणी गळालं आणि शेपटीतलं राहिलं, की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ग्लायडर स्पिनमध्ये जायला सोपं होतं. पंखाची गळती मिटेपर्यंत शेपटीची टाकी रिकामीच ठेवा.