शब्दांना अर्थ नसलेलं गाणं

पुणे, रविवार

चि. सई,


तुझं पत्र परवाच मिळालं. निबंधासाठी डेव्हिड बोवीचं 'वार्शावा' निवडलंस आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ कुठेच सापडेना म्हणून अडून बसलीस. तो सापडायचा नाही. ते शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. बोवीने ते नादासाठी घडवले. तेव्हा शोधाशोध थांबव आणि गाणं आधी पुरतं ऐक.

ऐकताना समोर घड्याळ ठेव. गाणं सहा मिनिटांहून थोडं मोठं, आणि पहिली चार मिनिटं त्यात माणसाचा आवाजच नाही. एक स्वर खाली टोल पडावा तसा वाजत राहतो, त्यावर सुरावट सावकाश चढते. इतकं थांबल्यावर गळा ऐकू येतो, आणि तोही थोड्या वेळात निघून जातो. तू गाणारी मुलगी आहेस, म्हणून सांगते: तो आवाज काय म्हणतो यापेक्षा तो इतक्या उशिरा का येतो, हा प्रश्न मोठा आहे. मला तो ओसाड चौकात कुणीतरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेसारखा वाटतो. तुला वेगळा वाटला तर तसंच लिही.

तराण्याचे बोल तू दोन वर्षं घोटते आहेस. त्यांचा अर्थ काय, असं मला एकदाही विचारलं नाहीस. उस्ताद अमीर खाँ त्या बोलांत फारसी अर्थ दडलेला आहे असं मानायचे, त्यावर त्यांनी बराच विचार केला होता. तरी त्यांचा तराणा ऐकताना आपण फारसी शिकून बसत नाही. लय पकडते, राग उलगडतो, आणि मन भरून येतं. ही सवय तुझ्यापाशी आहे, ती इथे वापर.

एका गोष्टीत मात्र फार जपायला हवं. तराण्याला रागाचा आधार असतो. इथे वाट दाखवतं ते फक्त नाव. वार्शावा म्हणजे वॉर्सॉ. नाव वाचताच नाझींविरुद्धचा १९४४ चा उठाव, जमीनदोस्त झालेलं शहर, सगळं डोळ्यांपुढे येतं आणि आपण ते सुरांत ऐकू लागतो. तसं ऐकणं चूक नाही. पण ते नावातून आलं, हे निबंधात स्पष्ट म्हण. एकदा नाव विसरून ऐक आणि काय उरतं ते टिपून ठेव. माझ्या मते जे उरतं, तोच निबंधाचा गाभा.

गाणं कसं झालं तेही बघ. १९७६ मध्ये रेल्वेने जाताना बोवी वॉर्सॉला थोडा वेळ उतरला आणि तिथे त्याने 'श्लोंस्क' या पोलिश लोकसंगीत मंडळाची तबकडी घेतली. गाण्यातल्या आवाजावर त्या मंडळाच्या गायनाची छाया आहे. बाकीचं संगीत बहुतेक त्याचा साथीदार संगीतकार ब्रायन ईनो याचं. त्याचीही हकीकत ऐक: फ्रान्समधल्या स्टुडिओत निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांचा चार वर्षांचा मुलगा पियानोवर तेच तीन सूर पुन्हा पुन्हा वाजवत होता. ईनो त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि त्या सुरांची धून पुरी केली. त्या पोराला वॉर्सॉ कुठे ठाऊक असणार! पण म्हणून गाण्यातलं दुःख लटकं ठरत नाही. करणाऱ्याचा हेतू आणि ऐकणाऱ्याला मिळालेलं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की निबंध बिघडतो. बोवीच्या १९७७ च्या 'लो' या अल्बममधली ही धून पुढे संगीतकार फिलिप ग्लासने १९९२ च्या आपल्या सिंफनीत घेतली. तीही ऐक. तिथे तो गळा नाही. काय हरवलं आणि काय नव्याने आलं, यावर दोन परिच्छेद सहज होतील.

पुढच्या रविवारी रियाझाला येशील तेव्हा कच्चा मसुदा आण. वाचण्याआधी दोघी मिळून गाणं एकदा ऐकू, मध्ये एक शब्दही न बोलता.

तुझी,
मावशी