सलाईन मागू नये, वैद्य पारखावा

वारकरी बंधुभगिनींनो, वाट चालायची तर देह धड हवा. आपण बदनापूरकर जुलाब लागले की म्हणतो, "डॉक्टर, सलाईन लावा." जो लावील तो चांगला, हा हिशेब खोटा. तोंडाने पाणी पोटात राहते तोवर सलाईन बहुधा लागत नाही.

१९७१ साली बंगालात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खायचा सोडा घातलेले पाणी पाजले; पुष्कळ जीव वाचले.

आपण घरी काय करावे? उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ वाढवू नये. घोटघोट पाजावे.

चांगला डॉक्टर नीट विचारतो, तपासतो, चिठ्ठी लिहून देतो. नको असलेल्या सुईला नाही म्हणतो. त्याच्यावर रुसू नये.

मात्र शौचात रक्त, लघवी बंद, गुंगी, किंवा पाजलेले पोटात राहत नसेल तर अंगाऱ्यावर थांबू नये. बदनापूरचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. गाडीसाठी १०८ लावावा. तेथून सांगतील तर जालना किंवा संभाजीनगरची घाटी. नाम मुखी असावे, पाऊल दवाखान्याकडे.