शिल्लक शून्य, तरी बँकेचं देणं?

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होतो. काम सुटलं, पगाराचं खातं तसंच पडून राहिलं. आता पासबुकात उणे १,१८० रुपये दिसतात; किमान शिल्लक नसल्याचा दंड म्हणे. हे कर्ज मला फेडावं लागेल का?
– एक वाचक, खराबवाडी

उत्तर : घाबरू नका, हे कर्ज नाही. पगार येणं थांबलं की काही महिन्यांनी बँक ते खातं साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकीची अट लागते. इथवर ठीक. पण केवळ या दंडापायी शिल्लक उण्यात नेता येत नाही. १ एप्रिल २०१५पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. दंडाआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवून किमान महिनाभर मुदतही द्यावी लागते.

शाखेत लेखी अर्ज द्या : उणे रक्कम काढून टाका, सूचना कधी पाठवली ते दाखवा. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सूचना तुमच्या जुन्या नंबरवर गेली असेल, तर शून्यापर्यंत कापलेले पैसे परत मिळणं अवघड. उण्याचा मुद्दा मात्र तरीही तुमच्याच बाजूचा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा, माहितीसाठी १४४४८.

नवा पगार या खात्यात येण्याआधी हे निस्तरा, नाहीतर पहिली कपात तिथेच होईल. खातं ठेवायचंच असेल, तर किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं मागा. आणि ‘दंड परत मिळवून देतो’ म्हणत कुणी फोनवर ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवा.