शहाळं आणणाऱ्याला ओटीवरच थांबव

अगं, तुझ्या सासऱ्यांची किडनी थकलीय, क्रिॲटिनिन वाढलंय हे आता गावभर झालंय. येणारा प्रत्येक जण हातात शहाळं आणि तोंडात एक उपाय घेऊन येईल. शहाळं तू पी, पोरांना दे, त्यांना देऊ नकोस. पेलाभर नारळपाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. धडधाकट किडनी ते लघवीतून बाहेर टाकते, दुखणाईत किडनीला ते जमत नाही आणि ते रक्तात साठतं. फार साठलं की हातापायांतला जोर जातो, हृदयाचे ठोके चुकतात, आणि कधी कधी आधी काही न कळताच सगळं होऊन बसतं. पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं, माणूस सासरकडचा असला तर जास्तच. तुझ्या काकांच्या आजारपणात मी सरळ डॉक्टरांवर ढकलायची. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

दुसरा उपाय येईल तो कुळथाच्या काढ्याचा. भरपूर पाणी पाजा, कुळीथ उकळून द्या, पानफुटीची पानं खायला घाला, असं सांगतील. अगं, ते मुतखड्याचे उपाय. मुतखडा वेगळा आणि किडनी निकामी होणं वेगळं. आपल्याकडे दोन्हीला ‘किडनीचा त्रास’ म्हणतात आणि एकाचं पथ्य दुसऱ्याच्या ताटात जातं. मुतखडेवाल्याला जे पाणी औषध, ते डायलिसिसवाल्याच्या फुप्फुसात जाऊन बसतं. झाडपाल्याची कसलीही पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नकोस. लावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणतात ना दुखण्याची गोळी, तीही नको. ती किडनीचं आणखी नुकसान करते.

आता नीट ऐक, कारण घरोघरी इथेच गडबड होते. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगतात आणि सुरू झाल्यावर वाढवायला. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं कुणी ऐकूनच घेत नाही. तुझ्या काकांच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंनी मला कागदावर हिशेब मांडून दिला होता. साठ किलोच्या माणसाला आधी दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिनं, डायलिसिसवर गेला की ६० ते ७२. प्रत्येक डायलिसिसला रक्तातल्या घाणीबरोबर थोडी प्रथिनंही धुऊन जातात, ती भरून काढायला नकोत का? मी कल्याणच्या लोकलमध्ये आणि डायलिसिसच्या बाकावर किती माणसं पाहिली, दंड काठीसारखे झालेले, आणि घरची माणसं अभिमानाने सांगायची, ‘आम्ही डाळ पार बंद केलीय.’

अंडं खाणाऱ्याचं सोपं आहे. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. पण तुझे सासरे माळकरी, त्यांच्यापुढे अंड्याचं नावही काढू नकोस, उगाच जेवणावरचं मन उडेल. पुढे डायलिसिसची वेळ आलीच, तर मुगाची डाळ रात्री भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात शिजव. पनीर किती, दूध किती, हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घे, कारण त्यात फॉस्फरस असतो. तो बांधून ठेवायच्या गोळ्या दिल्या तर त्या घासाबरोबरच घ्यायच्या. जेवणानंतर तासाभराने आठवण झाली तर त्यांचा फारसा उपयोग नाही. आज मात्र ते डायलिसिसवर नाहीत, म्हणून आज डाळ मोजूनच.

मिठाचं मी एक करायची. सकाळीच दिवसभराचं मीठ एका छोट्या डबीत काढून ठेवायचं. चहाचा सपाट चमचा म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास. निरोगी माणसालासुद्धा जागतिक आरोग्य संघटना त्याहून कमीच खायला सांगते. भाजी बिनमिठाची करायची, त्यांची वाटी आधी काढायची, डबीतलं चिमूटभर वर घालायचं आणि मग घरच्यांच्या पातेल्यात मीठ. लसूण, मिरे, लिंबू, कोकम यांनी चव येते. पापड, लोणचं गेलं. सुकट आणि खारा बांगडा सासऱ्यांना लागत नाही, हे तुझं नशीब. तुझ्या काकांना पावसाळ्यात सुका बोंबील भाजल्याचा वास आला की ते आमच्यावर रुसायचे.

सैंधव हेही मीठच, त्याने सुटका नाही. आणि दुकानात ‘लो सोडियम’ लिहिलेली पिशवी दिसली तर ती तिथेच ठेव. त्यात सोडियम कमी करायला पोटॅशियम घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरायला सुचवलं, पण किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं. दुकानदार हे सांगणार नाही.

भाज्या बंद करू नकोस. पोटॅशियम वाढलेलं असेल तर बटाटा, सुरण, पालेभाजी बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास ठेव, ते पाणी ओत, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओत आणि फोडणी दे. भारंगीचा कडूपणा काढायला आपण उकळून पिळतोच की, तसंच. त्या पाण्याची आमटी करायचा मोह मात्र आवर. फळांत सफरचंद, पपईची फोड, ओंजळभर जांभळं चालतात. केळं नको. आणि कुठल्या फार्महाऊसवरून ते पाच कडांचं पिवळं कमरख आलं, शहरात ज्याला स्टारफ्रूट म्हणतात, तर त्याची एक चकतीही नको. किडनीच्या रुग्णाला त्याने उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणसं दगावलीही आहेत.

पाण्याचं माप सगळ्यांना सारखं नसतं. लघवी नीट होतेय आणि सूज नाही, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोडू नकोस. डायलिसिसवर गेल्यावर साधारण हिशेब असा की दिवसभरात जितकी लघवी, तितकं अधिक अर्धा लिटर. त्यात पेज, ताक, चहा, आमटी सगळं आलं. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात आपल्या तालुक्यात टँकर फिरतो. पाणी मोजायला तुला मी काय शिकवणार! रोज सकाळी त्यांचं वजन कर, तेच खरं सांगतं.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेव. २९ ऑगस्ट २०१७ ला वासिंद-आसनगावच्या मध्ये दुरंतो रुळावरून घसरली आणि आपली गाडी बंद पडली. अशा वेळी डायलिसिस चुकलं तर पुढचं होईपर्यंत भात, तूप यांवर पोट भरायचं, डाळ-दूध निम्म्यावर आणायचं, फळं बंद करायची आणि पाणी दिवसाला दोन-तीन कप. दम लागला, आडवं पडवेना, की गाडीची वाट न बघता रस्त्याने निघायचं.

त्यांना मधुमेहही आहे ना? किडनी थकली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं. साखर आपोआप कमी यायला लागली तर बरं वाटलं म्हणून खूश होऊ नकोस, डोस बदलून घे.

खर्चाची धास्ती घेऊ नकोस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी गाठ.

आणि माझं हे सगळं ऐकलंस तरी ताट माझ्या सांगण्यावरून लावू नकोस. पुढच्या तपासणीला पोटॅशियम, फॉस्फरस आणि अल्ब्युमिनचे आकडे कागदावर मागून घे, ‘आहारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या’ असं डॉक्टरांना स्वतःहून म्हण, आणि तिथे जाताना घरात जे जे शिजतं ते लिहून ने, चहाच्या कपांसकट.